दातवाले सर

सर पहिल्यांदा आमच्या दुकानात आले ते काही घ्यायला आले नव्हते. नांदेडात आमचं सरकी पेंडीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचे हात बघते, गुराढोरांचा माणूस हातावरून कळतो. यांचे हात धुतलेले, नखं कापलेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टॉर्च. माझा सोन्या पेंडीच्या पोत्यावर पाय हलवत बसला होता. हे सरळ त्याच्यापाशी गेले, म्हणाले, "आ कर." पोरानं आ केला. आणि भर दुपारी टॉर्च लावून या अनोळखी माणसानं माझ्या पोराचे दात बघायला सुरुवात केली.

आता मी आहे हेड्याची लेक. बैलांची खरेदी-विक्री करणाऱ्याला आमच्याकडं हेडी म्हणतात. लोह्याच्या पुढं माझं माहेर. यात्रेच्या बाजारात वडिलांचं बोट धरून मी हिंडलेली आहे. अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला, म्हणजे सगळे दात आले, आता वय सांगता यायचं नाही. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल चोपडून त्याला तरणा करून कसा विकतात तेही मी बघितलंय. त्यामुळं कुणी कुणाच्या तोंडात डोकावलं की मला पहिल्यांदा हेच वाटतं, की हा घेणारा आहे का विकणारा.

"काय बघून राहिलात हो?" मी विचारलं.

"दात." टॉर्च विझवून त्यांनी पोराचं डावं मनगट दोन बोटांत धरलं. "वय काय याचं?"

"शाळेच्या दाखल्यावर हाय की लिहिलेलं."

"मी वय विचारलं बाई, दाखला न्हाई विचारला."

मला राग आला. राग आला की मी पेंड मोजायला लागते, तशी मोजायला लागले. ते म्हणाले, "पोरगं पायानं बरं हाय. शाळेच्या मैदानात बघितलं मी. उद्या पाच वाजता पाठवा. फुटबॉल शिकवतो. पैसे लागत न्हाईत." आणि गेले. फुकट म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली ती पुढं तीन वर्षं चुकचुकतच राहिली.

चौकशी केली तर कळलं की हे सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर होते. देगलूरकडचे. बायको आहे, मूलबाळ नाही. नोकरीतून सुटल्यापासून सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतात. स्वतः कधीकाळी खेळले का, तर खेळले म्हणे, पण कुठं आणि कुणाकडून हे कुणाला ठाऊक नव्हतं. गावात त्यांना सगळे दातवाले सर म्हणत. पोरांना खरं नाव विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही.

सरांचा कुणावरच भरवसा नव्हता. बॉल अकरा होते. प्रत्येकावर बायकोच्या नेलपॉलिशनं आकडा टाकलेला. संध्याकाळी ते मोजून जाळीच्या पिशवीत घालायचे आणि लुनाला बांधून घरी न्यायचे. अर्धापूरची केळी आणायचे, खेळ झाल्यावर प्रत्येकाला एक, आणि साल परत जमा करायचं. कारण कुणीतरी दोन खातो आणि मैदान घाण करतो असा त्यांना संशय. पाण्याची बाटली स्वतःची. कुणा पोराच्या घरी चहा घ्यायचे नाहीत. एकदा मीच म्हटलं, "सर, कपभर घ्या, आमच्या चहात ईख न्हाई कालवलेलं." तर म्हणाले, "चहा पाजणाऱ्या आईबापाला काहीतरी मागायचं असतं, न्हाईतर काहीतरी लपवायचं असतं." मी तोंडावर म्हटलं, "मग राहू द्या. उपाशी मरा." त्यावर ते हसले नाहीत. ते हसल्याचं मी फार कमी वेळा बघितलं.

सगळ्यात जास्त संशय पोरांच्या वयाचा. फुटबॉलमध्ये म्हणे वयाचा लई मोठा झोल असतो. बारा वर्षांखालच्या टीममध्ये चौदा वर्षांचा पोरगा घुसवला की तो धाकट्यांना तुडवून गोल करतो, बक्षिसं घेतो आणि पुढं जातो. आईबापच नवे दाखले काढून आणतात. सर नवीन पोराशी बोलायचे ते असं की, आधी उलट्या हातानं गाल चोळून बघायचे, मिशीवर वस्तरा फिरवलाय का म्हणून. मग दात. मग मनगट. आणि मग सहज विचारल्यासारखं, "तुझ्या पाठी कोण? बहीण? कितवीत? तिचा वाढदिवस कधी?" पोरगं भोळेपणानं सांगायचं आणि हे बोटांवर हिशेब करायचे. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "पोराला शिकवून ठेवता येतं. आईलाही शिकवून ठेवता येतं. हाडाला शिकवून ठेवता येत न्हाई."

आणि एक जूनवाले. हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्या इकडं खेड्यात पोरगं शाळेत घालायला नेलं आणि जन्माचा कागद नसला, की गुरुजी आपले एक जून टाकून मोकळे व्हायचे. वर्ग असा भरायचा की अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी. सर पहिल्या दिवशी ओरडायचे, "एक जूनवाले डावीकडं." निम्म्याहून जास्त पोरं डावीकडं जायची. उजवीकडच्यांकडं ते जरा मायेनं बघायचे, आणि डावीकडच्यांना धावायला लावायचे.

माझा सोन्या उजवीकडं होता. त्याच्या दाखल्यावर अकरा मार्च होती. दाखला बघून सरांनी मला मैदानावर बोलावलं आणि विचारलं, "जन्माचा मूळ कागद हाय का?" मी नेऊन दाखवला. दवाखान्यातला, शिक्का असलेला, जुना, घडीवर फाटलेला. त्यात बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, पुरुष एवढंच. बाळाच्या नावाची जागा मोकळी, बारसं झाल्यावर लिहायची असते आणि नंतर कुणी लिहायला जात नाही. सरांनी तो उन्हात धरला, मागून बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "कागद खरा हाय," म्हणाले. एवढा आनंद त्यांना गोल झाल्यावरही व्हायचा नाही. वहीत त्यांनी प्रत्येक पोराचं एक पान केलेलं. नाव, तारीख, किती दात, आणि शेवटी एकच शब्द. खरा, नाहीतर खोटा, नाहीतर शंका. खोटी तारीख लाल पेनानं खोडायचे.

मी मात्र कागद त्यांच्या हातातून घेतला आणि घाईनं घडी करून पदराखाली घातला. का ते पुढं सांगते.

आमच्या शेजारी पिठाची गिरणी चालवणारी बाई होती. तिनं माझ्या कानात भरवलं, "अगं, आधी दात बघतेत, मग हाताचा फोटो काढतेत, मग एक दिवस पोरगं पुण्याला नेतेत आणि किडनी काढून घेतेत. मोबाइलवर आलंय." मी तिला येडी म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी दुकान मालकांवर, म्हणजे सोन्याच्या बापावर, सोडून मी मैदानावर जाऊन बसले. आठ दिवस बसले. किडनीसारखं काही दिसलं नाही. दिसलं एवढंच की सोन्याच्या उजव्या पायातला बूट सर काढून घेतात आणि त्याला अर्धा तास नुसत्या डाव्या पायानं खेळवतात. पोरगं रडकुंडीला येतं तरी सोडत नाहीत. आणि त्याला नेहमी मोठ्या पोरांत टाकतात. वर्गातली पोरं याच्यापेक्षा वीतभर उंच. तीन धिप्पाड पोरं अंगावर आली की माझा सोन्या बॉल कधी दुसऱ्याला देऊन बाजूला सरकायचा ते कळायचंही नाही.

एकदा लातूरला विभागाच्या स्पर्धा होत्या. फायनल उदगीरच्या पोरांशी. आमच्यातला गोल करणारा पोरगा होता एका मोटार रिवाइंडिंगवाल्याचा. फायनलच्या सकाळी नाश्त्याला पोहे खाताना सरांनी त्याला विचारलं, "बहिणीचा वाढदिवस झाला का रे?" पोरगं म्हणालं, झाला, दहा वर्षांची झाली. सरांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. बोटं मोजली. "म्हणजे कागदावर तू तिच्यापेक्षा सातच महिन्यांनी मोठा. जा, आईला फोन करून विचार, जमतं का." त्या पोराला त्यांनी तिथंच बसवलं. रिवाइंडिंगवाला लातूरपर्यंत आला होता, हातापाया पडला, मग शिव्या दिल्या. सर ढिम्म हलले नाहीत. आम्ही तीन गोल खाऊन हरलो. परतीच्या बसमध्ये पोरं मुसमुसत होती तर सर म्हणाले, "हरलो ते खरं हरलो. झोपा आता." मला त्या दिवशी त्यांचा लई राग आला होता. आणि भीती तर त्याहून जास्त वाटली.

सोन्या कागदावर तेरा वर्षांचा झाला त्या वर्षी पुण्याच्या एका क्लबची माणसं पोरं निवडायला येणार असं कळलं. निवडलेल्या पोरांचं राहणं, खाणं, शाळा, सगळं तिकडंच. तेरा वर्षांखालची पोरं पाहिजेत. तारखेचा हिशेब लावला तर सोन्या थोडक्यात बाहेर जात होता. सोन्यानं दोन दिवस जेवण केलं नाही.  सरांनी एक कागद पोराबरोबर दुकानात पाठवला, आमच्या मालकांनी न वाचता सही केली. संध्याकाळी सोन्या सांगतो, "आई, माझ्या हाताचा फोटो काढला."

मी तशीच चप्पल घालून मैदानावर गेले. गिरणीवाली डोक्यात होतीच. म्हटलं, "माझ्या पोराच्या अंगातलं काय शोधून राहिलात तुम्ही? कुणाला विकायचा बेत हाय?"  सरांनी पाकिटातून एक्स-रेची काळी फिल्म काढून उन्हासमोर धरली. माझ्या लेकराची पाच बोटं, पांढरी पांढरी. "हे बघा बाई. मनगटातली ही बारकी हाडं बघा. तेरा वर्षांच्या पोराची अशी नसतेत. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो साडेअकराच्या आसपास. बाराव्या वर्षाची दाढही अजून न्हाई आलेली. तीन वर्षं मी शंका लिहून ठेवलीय."

"मग चांगलंच हाय की. तुमच्याकडं सगळे थोराचे ल्हान करून आणतेत. आमचा खराच ल्हान हाय."

"तेच तर." ते माझ्याकडं बघत होते. "वय कमी करणारे मी शंभर बघितले. वय वाढवून पोराचं नुकसान करणारं कोणी बघितलं न्हाई. कागद खरा हाय. पोरगं बी खरं हाय. पण हे दोघं एकमेकांचे न्हाईत." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बाई, याच्या आधी एक होता का?"

मी पाठ फिरवून घरी आले. 

होता. याच्या आधी एक होता. लोह्याच्या दवाखान्यात अकरा मार्चला झाला. मोठे डोळे, आणि केस असे दाट की सिस्टर हसली होती. अशक्त होता म्हणून बारसं लांबवलं, आणि भर उन्हाळ्यात अडीच महिन्यांचा असताना गेला. माहेरच्या शेतात बांधापाशी त्याला पुरला. त्याच्या मागं दीड वर्षानं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर पावसात माहेरीच सोन्या झाला. नाल्याला पूर, गाडी येईना, म्हातारी सुईण होती तिनंच सोडवलं. नोंदणीला कुणी गेलं नाही. पावणेपाच वर्षांचा झाल्यावर मी त्याला शाळेत नेला. गुरुजी म्हणाले कागद आणा. पेटीत एकच कागद होता. पुरुष, बापाचं नाव, आईचं नाव, आणि नावाची जागा मोकळी. मी तोच दिला. मालकांना सांगितलं की दुकानात बसायला मी मोकळी होते म्हणून लवकर घातला. तेही खरं होतं. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या थोरल्याचं या जगात तेवढं एकच होतं, तो कागद, आणि तो पेटीत तसाच पडून राहावा हे मला सोसत नव्हतं. शाळेत दर अकरा मार्चला गुरुजी पोराला उभं करून टाळ्या वाजवायला लावायचे. सोन्याला वाटायचं आपला वाढदिवस. मी त्या दिवशी शिरा करायचे, आणि एक वाटी कुणासाठी भरतेय ते माझं मला माहीत.

त्या संध्याकाळी मालकांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "दाखल्यावर मार्च बघितला होता मी. तेव्हाच कळलं होतं." सात वर्षं या माणसानं तोंडातून शब्द काढला नव्हता.

तीन दिवसांनी मी मैदानावर गेले. सर बॉलमध्ये हवा भरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "आईचं बोलणं मी जबाबात धरत न्हाई," आणि पंप खाली ठेवून मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. ती खुर्ची त्यांनी कुणाला दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. मग सावकाश समजावलं. सोन्याला स्वतःची तारीख पाहिजे असेल तर दोन नोंदी कराव्या लागतील. एक सोन्याच्या जन्माची. आणि दुसरी... सर तिथं थांबले. मीच बोलले, "थोरला गेल्याची." ते म्हणाले, "हाव. तो कागदावर जिता हाय तोवर हा जन्मलाच न्हाई."

म्हणजे एका लेकराला खेळायला मिळावं म्हणून दुसऱ्याला माझ्या हातानं मेलेला लिहायचं. मी म्हटलं, माझ्यानं होणार नाही. सर म्हणाले, "नका करू. पोरगं इथंही खेळेल. पण मग त्याला कधीच कुठं पाठवता येणार न्हाई, कारण मी खोट्या तारखेवर पोरगं पाठवत न्हाई." त्यांच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती. घरी आले तर सोन्या अंगणात एकटाच, उजवा पाय बांधून, डाव्या पायानं भिंतीवर बॉल मारत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि तिथंच माझं ठरलं.

लोह्याच्या पुढं आम्ही दोघं गेलो, मी आणि सर. तिथंही त्यांचा स्वभाव काही सुटला नाही. सुईण नव्वदीला टेकलेली, तिला उलटसुलट विचारून हैराण केलं. पोळ्याच्या आधी का नंतर? बैल दारात होते का? नाल्याला पाणी होतं हे कशावरून? म्हातारी शेवटी म्हणाली, "हे मास्तर हायत का पोलीस?" मग उपकेंद्रात जाऊन त्यांनी सिस्टरकडून लस टोचल्याचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. धूळ झाडत पानं उलटली, आणि सापडलं. सोन्याची पहिली सुई, आईचं नाव, तारीख. सरांचे डोळे चमकले. "बाई, तुमच्यापेक्षा ही सुई खरी बोलून राहिली."

परत निघताना म्हणाले, "ती जागा दाखवा." मला वाटलं तिथंही तपास करणार. किती हात खोल, कोण कोण होतं असं विचारणार. बांधापाशी गेल्यावर त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. टॉर्च खिशातच राहिली. काही विचारलं नाही. मग म्हणाले, "ताई, सोन्या बॉल लवकर सोडतो, मोठ्या पोरांच्या पायात सापडत न्हाई, हे मी शिकवलेलं न्हाई. थोरल्याच्या वयानं तो शाळेत गेला, दीड वर्षानं मोठ्या पोरांत खेळला, म्हणून शिकला. हे थोरल्यानं शिकवलंय त्याला." त्या दिवसापर्यंत मी त्यांच्यासाठी बाई होते. मी तिथं खाली बसून रडले. तेरा वर्षांत तेवढी मोकळी रडले नव्हते.

बसमध्ये मी म्हटलं, "सर, हे कुणाला सांगू नका. सोन्याला थोरला होता हेच माहीत न्हाई. मी सांगेन माझ्या हिशेबानं." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी कुणाला काय सांगत असतो?"

अर्ज, शपथपत्र, साक्षीदार, तहसीलच्या चकरा, सात-आठ महिने गेले. ती निवड हुकली. पण खऱ्या वयानं सोन्याकडं अजून एक वर्ष होतं. मृत्यूची नोंद करताना बाबूनं विचारलं, "मयताचं नाव?" मी म्हटलं, ठेवलं नव्हतं. सर काउंटरवर वाकून बघत होते, म्हणाले, "आईचं नाव नीट लिहा, तिथं ऱ्हस्व केलंय तुम्ही."

पुढच्या वर्षी सोन्या नव्या तारखेवर पुण्याच्या क्लबात निवडला गेला. आणि गावात बोंब उठली. दातवाल्या सरांच्या लाडक्या पोराचं वय एकदम दीड वर्षानं खाली आलं, आणि तेही नव्या कोऱ्या दाखल्यावर. पोरांचे बाप मैदानावर जमले. रिवाइंडिंगवाला पुढं. "आमच्या पोराला सात महिन्यांसाठी फायनलच्या सकाळी हाकललंत. आणि याचं दीड वर्ष पचवलंत? किती घेतलं?"

सर शिट्टी गळ्यात घालून उभे होते. म्हणाले, "हाव. तारीख बदललीय. कागद बघायचा असला तर बघा."

"का बदलली ते सांगा."

"ते मी सांगत न्हाई."

मी तिथंच होते. कुंपणापाशी, दहा पावलांवर. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं. मला तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. घरी सासू, दारात गिरणीवाली, पोरगं उद्या पुण्याला निघणार, अशी कारणं मी स्वतःला दिली. कुणीतरी सरांच्या लुनाच्या जाळीला लाथ मारली, बॉल मैदानभर पांगले. सर एक एक गोळा करत हिंडले, मोजत. त्या आठवड्यात निम्मी पोरं दुसऱ्याकडं गेली, पुढच्या महिन्यात आणखी. शेवटी सात-आठ उरली, सगळी एक जूनवाली. मला आजही त्या दिवसाची लाज वाटते.

सोन्या आता दक्षिणेतल्या एका क्लबकडून खेळतो, त्याचा पगार होतो, टीव्हीवर दिसतो. पहिला करार झाला, जन्माचा दाखला मागितला, तेव्हा फोनवर मी त्याला सगळं सांगितलं.  त्यानं विचारलं, "सरांना माहीत होतं?" मी हाव म्हटलं. "आणि तू लोकांना सांगितलं न्हाईस?" मी विचारलं, तिकडं जेवण बरं मिळतं का. 

गेल्या थंडीत सर गेले. दहाव्यानंतर जुनी पोरं आणि त्यांचे बाप मैदानावर जमले, चार शब्द बोलायला. सरांच्या बाईंनी माझ्या हातात ती वही ठेवली. म्हणाल्या, "तुमच्याकडं द्या म्हणाले होते. का ते मला सांगितलं न्हाई. त्यांनी कधी काही सांगितलंय?" मी सोन्याचं पान काढलं. नवी तारीख खाली लिहिलेली, तिच्यापुढं खरा. वरची अकरा मार्च लाल पेनानं खोडलेली असेल असं वाटलं होतं. खोडलेली नव्हती. 'शंका' हा शब्द तेवढा खोडलेला होता, आणि त्याच्यापुढं सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हाही खरा'.

रिवाइंडिंगवाला बोलायला उभा राहिला होता. वय झालंय त्याचंही. म्हणाला, "माणूस कडक होता, खरा होता. एकदाच घसरला, तेवढं सोडलं तर..." लोकांनी माना हलवल्या. काहींनी माझ्याकडं बघितलं.

मी वही मिटली आणि उठले.  म्हटलं, "ते घसरले न्हाईत. मला दोन लेकरं झाली. थोरला अकरा मार्चचा."